68 चाकू आणि एक ट्रंक: शोकेस करून घेण्याआधी

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. कोथरूडच्या घरी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आजोबांचे 68 मिटते चाकू आणि चार अडकित्ते सापडले. काही वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काही चामड्याच्या म्यानांत, काही मखमली अस्तराच्या लाकडी डब्यांत. पाच-सहांना गंज चढलाय. हॉलमध्ये सागवानी शोकेस करून आत लाल मखमल लावायची, दिवे सोडायचे आणि कंपनीवार मांडणी करायची असा बेत आहे. मावशी म्हणतात खोबरेल तेल लावून ठेव. आणि प्रश्न असा की शोकेस केवढी हवी, आणि मांडणी कंपनीनुसार करावी की आकारानुसार.

मी पुण्यात 27 वर्षं जुन्या धातूच्या वस्तूंची देखभाल करतो. घरोघरचे संग्रह, कुलपं, दिवे, अडकित्ते असं सगळं हातून गेलंय. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून जमवलेले माझे स्वतःचेही दोनशेच्या आसपास चाकू आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की शोकेसचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. चाकू कुठे दिसतील यापेक्षा कोणता चाकू कोणाच्या शेजारी राहील, हे आधी ठरवायला हवं. कारण चाकू म्हणजे नुसतं पातं नव्हे. एका चाकूत पोलाद, पितळ, कधी जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू), आणि मुठीला शिंग, हाड, लाकूड किंवा जुनं प्लास्टिक अशा चार-पाच वस्तू एकत्र असतात. त्यातली एखादी शेजाऱ्याला खाते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन चाकूंच्या मुठी मोतिया चमकीच्या आहेत, आणि एकीवर कासवाच्या पाठीसारखे पिवळे-तपकिरी डाग आहेत. त्या चौघांना आज संध्याकाळपर्यंत ट्रंकेतून बाहेर काढा. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं. हे बहुधा सेल्युलॉइड आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चाकूंच्या मुठींना ते सर्रास वापरलं जायचं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण वय झालं की आपोआप विघटित व्हायला लागतं आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. बंद डब्यात ते वायू साठतात आणि आजूबाजूचं पोलाद गंजवतात. मला हे महागात पडून कळलं. माझ्या एका खणात सात चाकू होते, सगळ्यांना सारखं तेल, सारखी जागा. एका पावसाळ्यानंतर खण उघडला तर मधल्या मोतिया मुठीच्या चाकूभोवतीचे सहाच्या सहा गंजले होते, आणि खालच्या खणातले तसेच चाकू जसेच्या तसे. दोष पावसाचा नव्हता.

ओळखायचं कसं? मुठीचा वास घ्या. कापरासारखा किंवा नाकाला झोंबणारा आंबट वास, मुठीवर बारीक भेगांचं जाळं, आणि मुठीखालच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक, यातलं एक जरी दिसलं तरी संशय धरा. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. हे चाकू बंद डब्यात नको, प्लास्टिकच्या पिशवीत नको. हवा खेळेल अशा उघड्या ट्रेमध्ये, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून ठेवा. त्यांचं आयुष्य मर्यादित आहे, ते थांबवता येत नाही. म्हणून त्यांचे फोटो सगळ्यात आधी काढून घ्या.

आता मुख्य मुद्दा. मांडणी दोन प्रकारची असते आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात. एक जागेची मांडणी, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या पेटीत. दुसरी ओळखीची मांडणी, म्हणजे कोणता चाकू कुठल्या गावचा, कोणत्या कंपनीचा, कोणत्या काळचा. पेटीतली जागा साहित्यानुसार ठरवा. कंपनी, देश, काळ हे सगळं वहीत ठेवा. वहीत तुम्ही एकाच संग्रहाची पाच प्रकारे यादी करू शकता, पेटीत मात्र एकदाच ठेवता येतं. कंपनीवार मांडलेल्या शोकेसमध्ये शेफील्डचा (इंग्लंडमधलं चाकूंसाठी नावाजलेलं शहर) हाडाच्या मुठीचा चाकू शेफील्डच्याच सेल्युलॉइडशेजारी येतो, आणि नुकसान तिथेच सुरू होतं.

साहित्यानुसार म्हणजे कसं, हे तुमच्या संग्रहापुरतं सांगतो. सगळं धातूचं असलेलं एका पेटीत. यात तुमचे अडकित्तेही आले. पितळी अडकित्त्याचा कापणारा भाग पोलादाचाच असतो, त्यामुळे त्याला चाकूचेच नियम. ही पेटी जितकी कोरडी तितकी चांगली. शिंग, हाड, हस्तिदंत आणि लाकडी मुठी दुसऱ्या पेटीत. इथे फार कोरडं करून चालत नाही, मुठी आक्रसतात, रिव्हेटपाशी चिरतात. लाल मुठीचे स्विस चाकू तिसऱ्या डब्यात. त्यांची पाती स्टेनलेसची, काळजी सगळ्यात कमी. सेल्युलॉइडचं वर सांगितलंच.

चामड्याची म्यानं पूर्ण वेगळी. हे सांगताना प्रत्येक वेळी लोकांना वाईट वाटतं, कारण चाकू म्यानासकट आजोबांच्या खिशात होता. पण चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, शिवाय चामडं हवेतली ओल धरून ठेवतं. म्यानात राहिलेल्या चाकूच्या पितळी टोप्यांवर हिरवा थर येतो तो यामुळेच. म्यानाला आणि चाकूला एकच क्रमांक द्या, म्हणजे जोडी तुटणार नाही, फक्त घर वेगळं.

मुठीचं साहित्य ओळखायला साधं दहापट भिंग पुरतं. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. समांतर, अगदी सारख्या अंतरावरच्या रेघा असतील तर ती बहुधा हस्तिदंताची सेल्युलॉइडमधली नक्कल. सांबरशिंगाला बाहेरून खडबडीत साल आणि आत स्पंजासारखा गाभा असतो. म्हशीचं शिंग उजेडात किंचित पारदर्शक, थराथरांचं दिसतं, आणि त्याला कसर लागते, म्हणून शिंगी मुठींवर बारीक खड्डे दिसले तर ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच बाजूला करा. डांबरगोळ्या मात्र टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना आणि लाखेला मऊ करते.

पुण्याची हवा या सगळ्यात मधे येते. उन्हाळ्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस 80 च्या वर राहते. पोलादाला साधारण 60-65 टक्क्यांपुढे धोका वाढतो, आणि पात्यावर घामाचं मीठ असेल तर त्याच्याही आधी. मुठींना 45 ते 55 मानवतं. म्हणजे एकच वस्तू एप्रिलमध्ये मुठीकडून तडकते आणि जुलैमध्ये पात्याकडून गंजते. शोकेसपेक्षा घट्ट बंद पेटीचा आग्रह मी धरतो तो यासाठी. बंद पेटी दोन्ही ऋतूंचा झटका कमी करते.

पेटी कसली, याचं उत्तर कंटाळवाणं पण स्वस्त आहे. वायसर असलेले, पॉलिप्रॉपिलीनचे स्वयंपाकघरातले मोठे आडवे डबे. तळाला पांढरा ईपीई (पॉलिइथिलीनचा) फोम, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो. पिवळा पडणारा सोफ्याचा फोम नको, काही वर्षांत तो चिकट भुगा होऊन पात्याला बसतो. वास येणारं मऊ पारदर्शक प्लास्टिक नको, ते बहुधा पीव्हीसी असतं आणि त्यातून क्लोरीनयुक्त आम्ल सुटू शकतं. फोमवर खळ पूर्ण काढलेलं, दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन वाळवलेलं मलमल पसरा. नव्या कापडातली खळ ओल ओढते, हे आमच्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास विसरतात.

सागवान, प्लायवूड, एमडीएफ यांबद्दलही हेच. लाकूड आणि त्यातला डिंक वर्षानुवर्षं मंद आम्लवाफा सोडतात, नवी पॉलिश केलेली शोकेस तर पहिल्या वर्षी सगळ्यात वाईट. लोकरी फेल्टमध्ये गंधक असतं, ते चांदीला आणि जर्मन सिल्व्हरला काळं पाडतं. मखमलीचं तिच्या धाग्यावर, रंगावर आणि खालच्या डिंकावर अवलंबून आहे, आणि विकणाऱ्याला ते बहुधा सांगता येत नाही. रबरबँडही नको.

सिलिका जेल ठेवा, पण मोजून. माझ्या साधारण 10 लिटरच्या डब्यात मी 200 ग्रॅम ठेवतो आणि शेजारी छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकड्यावर विश्वास ठेवा, अंदाजावर नको. केशरी दाण्यांचं जेल घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो घरच्या ओव्हनमध्ये तापवायला नको. दाणे रंग बदलले की 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. शिंगा-हाडाच्या डब्यातलं जेल मी होळीनंतर काढून घेतो आणि मृगाच्या आधी परत ठेवतो. धातूच्या डब्यात ते वर्षभर राहतं.

डबे कुठे ठेवायचे हे घरावर अवलंबून आहे, इथे मी सरसकट सांगू शकत नाही. तुमची पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खात असेल तर तिला लागून असलेलं कपाट टाळा. माळा उन्हाळ्यात तापतो म्हणून नको. आणि तळमजला असेल तर खालचा खण नको. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगरच्या एका घरातला संग्रह चिखलात गेला, केवळ सगळ्यात खालच्या खणात होता म्हणून. वरच्या दोन खणांतलं काहीही भिजलं नव्हतं. चिखलातून काढलेले ते चाकू आम्ही तीन आठवडे साफ करत होतो, आणि हाडाच्या अकरा मुठी तरी गेल्याच.

गंजाकडे येऊ. आधी गंज आणि छटा यात फरक करा. राखाडी-काळसर, निळसर झाक ही कार्बन स्टीलची नैसर्गिक छटा आहे. पेरू, आंबा, लिंबू कापून कापून ती आली असेल, आणि ती पात्याचं थोडंफार रक्षणच करते. तिला घासू नका. पांढऱ्या सुती कापडाने पुसल्यावर नारिंगी पूड आली तर तो जिवंत गंज. त्यावर शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूची टोकदार काडी आणि कापड यांनी हळूहळू काढा. अगदीच हटत नसेल तर सगळ्यात बारीक, चार शून्याची स्टीलवूल, तीही फक्त त्या ठिपक्यावर. पात्याच्या बुडाशी असलेल्या कंपनीच्या ठशाला हात लावू नका. ठसा गेला की चाकूचा जन्मदाखला गेला. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यातलं काहीही नको, कारण ते सांध्यात शिरतं आणि बाहेर येत नाही. धारवाल्याच्या चाकावर तर अजिबात देऊ नका.

मावशींचं खोबरेल: भावना बरोबर, तेल चुकीचं. खाद्यतेलं खवट होतात, हवेत घट्ट होऊन चिकटतात, आणि खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत सांध्यात मेणासारखं बसतं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, पात्यावर औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा पुसट हात पुरतो. जे चाकू फक्त जपायचे आहेत त्यांच्या पात्यांवर मी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतो. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात असं मेण संग्रहालयांसाठी तयार झालं, आणि आजही त्याला तोड नाही. पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसून काढायचा. चाकू नेहमी पूर्ण मिटून ठेवा, अर्धवट उघडा ठेवला की पाठीची स्प्रिंग ताणलेली राहते. लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल तुमच्याकडे आहे, तो पावसाळ्यात उघडेना तर जोर लावू नका. बीच झाडाचं लाकूड फुगून पात्याला धरतं. कोरड्या डब्यात आठवडाभर ठेवा, आपोआप सुटेल.

आता वही. एक साधी जाड वही घ्या आणि शिवाय संगणकावरही ठेवा. 1 पासून सलग क्रमांक द्या. क्रमांकात काही अर्थ भरू नका, 'शे-12' म्हणजे शेफील्डचा बारावा अशा पद्धती दोन वर्षांत कोसळतात, कारण एखादा चाकू शेफील्डचा नव्हताच असं नंतर कळतं. एखादा चाकू दिला किंवा हरवला तरी त्याचा क्रमांक पुन्हा वापरू नका. क्रमांक चाकूवर लिहायचा नाही, सुती दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधायची. वहीत मिटलेली लांबी, पात्यांची संख्या, मुठीचं साहित्य, ठशाची अक्षरं जशीच्या तशी, दोष, कोणत्या डब्यात आहे, आणि कुठून आला. दोन्ही बाजूंचे आणि ठशाचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून.

ठसा काळ सांगतो, पण तो वाचताना घाई करू नका. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या चाकूंवर तारा आणि माल्टीज क्रॉस असतो, ती खूण त्यांनी 1764 साली नोंदवली, आणि हे चाकू हिंदुस्थानात इतके खपत की नावात एखादं अक्षर बदलून नकलाही निघत. म्हणून स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून वाचा. 'इंग्लंड' हा शब्द असेल तर चाकू बहुधा 1891 च्या सुमाराचा किंवा नंतरचा, कारण तेव्हा अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ओपिनेलवर पातं अडकवणारी फिरती कडी असेल तर तो 1955 नंतरचा. मात्र कडी नाही म्हणून जुना, असं उलटं म्हणता येत नाही, कारण त्यांच्या छोट्या मापांना कडी नसतेच.

ठशाहूनही आधी लिहून घ्यायचं ते घरच्यांकडचं. आजी असतील तर त्यांना, नाहीतर आत्याला प्रत्येक चाकू हातात देऊन विचारा. फोटो दाखवून विचारलं तर माणसं 'असेल' म्हणतात, हातात दिला की 'हा त्यांनी पन्हाळ्याला नेला होता' असं काहीतरी आठवतं. आणि ज्या वर्तमानपत्रात चाकू गुंडाळलेले आहेत ते कागद फेकण्याआधी तारीख वाचा. आजोबांनी तो चाकू शेवटचा कधी हाताळला याचा बहुतेक वेळा तो एकमेव पुरावा असतो. कागद आम्लयुक्त आहे, चाकूपाशी नको, पण तारखेचा तुकडा कापून वहीत वेगळ्या पाकिटात ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा 1959 खालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती किंवा शेतीकामासाठी नसलेल्या सुऱ्या वेगळ्या वर्गात येतात. तुमचे मिटते चाकू त्यात बसत नाहीत. खटका दाबून पातं उसळणारा रामपुरी दिसतोय एक, त्याबद्दल वकिलाला विचारून घ्या. घराबाहेर नेताना सावध राहा, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश असतात आणि त्यात चाकूही येतात. हस्तिदंत किंवा सांबरशिंगाच्या मुठी असतील तर विकणं, भेट देणं, कुणाला पाठवणं याआधी वन विभागाला विचारा, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो. आणि घरात लहान मुलं आहेत असं लिहिलंय, तर डबे कुलपाच्या कपाटात.

हॉलमध्ये काहीच नको का? हवं ना. संग्रह दिसला नाही तर तो विसरला जातो. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते नीट बघा, एकेक वस्तू श्वास घेईल एवढी जागा मिळाली की कशी दिसते ते कळेल. घरी काच आणि पावडर कोटिंग केलेल्या धातूची छोटी पेटी करा, चार-पाच चाकू मावतील एवढीच. ऊन पडणार नाही अशा भिंतीवर, दिवा पेटीच्या बाहेर. दर दोन-तीन महिन्यांनी चाकू बदला. त्या निमित्ताने प्रत्येक चाकू दोन ते चार वर्षांत हातातून जातो, आणि गंज ठिपक्याएवढा असतानाच दिसतो. बदलताना हातमोजे घाला, नाहीतर ठेवण्याआधी बोटांचे ठसे पुसा.

पूर्ण तपासणी मी वर्षातून दोनदा करतो, मृगाच्या आधी आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला चाकू पूजेला मांडत असाल तर हळद-कुंकू, अक्षता, फूल चाकूवर न वाहता ताम्हनात त्याच्या शेजारी वाहा. हळद हाडाच्या मुठीत कायमची मुरते. झेंडूची एक ओली पाकळी माझ्याकडे रात्रभर एका पात्यावर राहिली होती. सकाळी तिच्या आकाराचा काळा डाग उमटला होता, तो आजही आहे. तेव्हापासून आमच्याकडे पूजा सकाळी होते आणि संध्याकाळच्या दिव्याच्या आत सगळे चाकू पुसून, तेलाचा हात फिरवून, डब्यात परत जातात.